मुक्कामी गाडीची तारीख

हल्ली मी दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरते. नांदेडच्या घरात मागच्या खोलीत खिडकीशी टेबल लावलंय. तिथे बसून लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम चालवायचे, घोडं कुठे पेंड खातंय ते बघायचं आणि पुण्याच्या कंपनीला कळवायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, कुणी विचारलं तर "कंपनीत हाय" एवढंच सांगतात. जास्त खोलात शिरत नाहीत, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो. पोरीला डॉक्टर करायचं होतं ना, मग?

मी शोधलेला पहिला बग मात्र कुठल्या कंपनीचा नव्हता. तो माझ्याच अभ्यासाच्या तासांचा होता. सापडूनही मी कुणाला कळवला नाही, असा आजवरचा तो एकच.

बारावीनंतर मेडिकल हुकलं तेव्हा मला लातूरला टाकायचं ठरलं. आमच्याकडे असंच म्हणतात, पोरगं लातूरला टाकलं. सोयाबीन आडतीवर टाकावं तसं. मग भाव काय येतो त्याची वाट बघत घरचे बसतात. क्लासच्या मागच्या गल्लीत एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्हा मुलींच्या खोल्या होत्या. त्या गल्लीत कुणी कुणाला जेवलीस का असं विचारत नसे. "आज किती तास?" असं विचारत. घरमालकीण विचारायची, मेसच्या काकू पोळी वाढता वाढता विचारायच्या. माझ्यासारख्या दुसऱ्यांदा परीक्षा देणाऱ्या रिपीटर मुलींना तर जरा जास्तच काळजीने. डोकं जन्माचं असतं, बैठक आपली आपण कमवायची, असं आमचे सर सांगत. बैठक म्हणजे खुर्चीला चिकटून राहण्याची ताकद. लातुरात डोक्यापेक्षा बैठकीला मान होता, आणि मला ते बरंच वाटायचं, कारण डोक्याबद्दल मी आधीच घाबरलेली होते.

अण्णा तेव्हा भोकरच्या बसस्थानकावर कंट्रोलर होते. गाडी कधी आली, कधी सुटली, कुठली रद्द झाली, याची नोंद ठेवणारा खिडकीतला माणूस. ती खिडकी ते घरीही घेऊन यायचे. आई कोथिंबीर आणायला गेली तरी कितीला निघालीस आणि कितीला आलीस हे विचारल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. त्यांचा सगळ्यात लाडका विषय मुक्कामी गाडी. संध्याकाळी स्थानकातून निघायची, कुठल्यातरी खेड्यात रात्र काढायची आणि सकाळी शाळेची पोरं, दुधाचे कॅन घेऊन परत यायची. ती परत यायची दुसऱ्या दिवशी, पण अण्णांच्या लेखी ती आदल्या दिवसाचीच गाडी. "निघाली ती तारीख," ते म्हणायचे, "मधी रात्र गेली म्हणून गाडी बदलत न्हाई." घरात सगळ्यालाच हा नियम लागू होता. लग्नाहून पहाटे परतलो तर ते आदल्या दिवसाचं येणं. आई दवाखान्यात रात्रभर माझ्या उशाशी बसली, तर ती एकाच दिवसाची बैठक. जगाचा दिवस मध्यरात्री बदलतो. आमच्या घरचा दिवस माणूस झोपून उठला की बदलायचा. यात काही वेगळं आहे हे मला बरीच वर्षं कळलंच नाही.

लातूरला जाताना माझा फोन काढून घेतला आणि बटणांचा साधा फोन दिला. पुण्यात कंपनीत असलेल्या मावसभावाने त्याचा जुना लॅपटॉप दिला. त्यातलं सगळं पुसून त्याने एकच गोष्ट ठेवली होती: काळ्या पडद्यावर चालणारा एक फुकटातला प्रोग्रॅम. चित्र नाही, रंग नाही, माउसही लागत नाही. एका साध्या फाइलमध्ये आपली कामं ओळीओळीने लिहायची. कामाला बसलो की तारीख आणि वेळ, उठलो की पुन्हा वेळ. मग एक शब्द टाइप केला की प्रोग्रॅम सगळ्या ओळी वाचून कुठल्या कामाला आठवड्यात किती तास दिले त्याची बेरीज दाखवायचा. अण्णांना ही कल्पना फार आवडली. त्यांना वाटलं, पोरीने कंट्रोलरची खिडकीच उघडली.

दिवसा क्लास, संध्याकाळी पाण्याची आणि मेसची धावपळ, म्हणून फिजिक्स मी रात्रीला ठेवलं होतं. फिजिक्स माझं कच्चं, त्यामुळे लांब बैठक त्याचीच. जेवण झालं की बसायचे आणि डोळे साथ देईनात तेव्हा उठायचे. उठताना ओळ पुरी करायचे: तारीख, फिजिक्स, कधी बसले, कधी उठले. तारीख अर्थातच बसले त्या दिवसाची. दुसरी कुठली टाकणार?

रविवारी क्लासची टेस्ट असायची आणि संध्याकाळी अण्णांचा फोन. कशी आहेस, जेवतेस का हे आई विचारायची. अण्णा फक्त "किती झाले?" म्हणायचे. मी पडद्यावरची बेरीज वाचून दाखवायचे. बायोलॉजी बरी, केमिस्ट्री बरी, फिजिक्स अगदीच थोडं. त्यावर ते "बरं" म्हणायचे. अण्णांच्या बरंमध्ये तीन प्रकार होते आणि हा त्यातला सगळ्यात आखूड. टेस्टमध्येही फिजिक्सचेच मार्क पडलेले असायचे, त्यामुळे सगळ्यांचं निदान जुळलं. पोरगी हुशार आहे, फिजिक्सला बसत नाही. सरांनी तेच सांगितलं, मावसभावाने तेच सांगितलं, मीही तेच मानलं.

मानलं म्हणजे काय, मी माझ्यावरच संशय घेतला. रात्री बसले होते असं मला आठवत असे, पण बेरीज नाही म्हणायची. मग मला वाटायचं, मी पुस्तकावर डोकं टेकून झोपत असणार आणि जागी होते असा मला भास होत असणार. माणूस खोटं बोलतो, यंत्र कशाला बोलेल? मी झोप येऊ नये म्हणून बादलीत पाय सोडून बसायला लागले. नळाला आठवडाभर पाणी न येणाऱ्या गावात पायासाठी बादली वापरणं म्हणजे पापच. खोलीतल्या मुलीने त्यावरून तोंडसुख घेतलं. तेच पाणी सकाळी फरशीला वापरीन असं कबूल केलं तेव्हा ती गप्प झाली. मी आणखी उशिरापर्यंत बसू लागले आणि फिजिक्सची बेरीज आणखी खाली गेली. त्या हिवाळ्यात मला स्वतःची खरंच किळस आली होती. आरशात बघताना वाटायचं, ही मुलगी आईबापाला फसवते आहे आणि हिला ते कळतही नाही.

दिवाळीनंतर एकदा अण्णा डबा घेऊन आले. मुलींच्या खोल्यांत पुरुषांना वर येऊ देत नसत, म्हणून खाली घरमालकिणीच्या ओसरीत बसले. मी लॅपटॉप खाली आणून त्यांना फाइल उघडून दिली, त्यांना बघायचीच होती. तेवढ्यात टँकर आला. मी कळशा घेऊन पळाले. रांग मोठी होती, भांडणंही झाली. परत आले तर अण्णा चष्मा लावून पडद्याच्या अगदी जवळ बसले होते आणि खालच्या बाणाचं बटण दाबत एकेक ओळ वाचत होते. बोटांच्या पेरांवर काहीतरी चाललं होतं. मला बघून त्यांनी चष्मा काढला. "तारखा बरोबर टाकायलीस," एवढंच म्हणाले. त्या हिवाळ्यात मला मिळालेली ती एकमेव शाबासकी. ती घेऊन मी खूश होते. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जो ते सहसा ठेवत नसत.

संक्रांतीनंतरची गोष्ट. त्या आठवड्यात फिजिक्ससाठी मी एक रात्र सोडली नव्हती आणि पडद्यावर फिजिक्सपुढे शून्य आलं. कमी आलं असतं तर मी पुन्हा स्वतःलाच शिव्या घातल्या असत्या. पण शून्य? डुलक्या काढल्या म्हटलं तरी शून्य कसं येईल? पहिल्यांदाच मला माझा नाही, यंत्राचा राग आला.

आधी वाटलं लॅपटॉपचं घड्याळ मागे पडतंय. लाइट जायची, बॅटरी तर मेलेलीच होती, त्यामुळे तो धाडकन बंद व्हायचा. बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने आतला बटणाएवढा सेल बदलून दिला आणि आता घड्याळ मरेपर्यंत बिघडणार नाही म्हणाला. शून्य हललं नाही. वेळ मी हाताने लिहीत होते, घड्याळाचा संबंधच नव्हता, हे रस्त्यात लक्षात आलं आणि स्वतःचं हसू आलं. मग वाटलं फिजिक्स हा शब्द त्याला चालत नसेल. तो बदलून पाहिला. मग फाइल फार मोठी झाली असेल म्हणून जुन्या ओळी दुसरीकडे हलवल्या. काही नाही.

शेवटी एका रविवारी दुपारी, टेस्ट देऊन आल्यावर, नवी कोरी फाइल घेतली आणि तिच्यात खोट्या बैठका लिहायला लागले. सकाळची लिहिली, मोजली गेली. दुपारची, मोजली गेली. रात्री बसून बाराच्या आत उठले असं लिहिलं, तीही मोजली. मग तीच बैठक बाराच्या पुढे ओढली. बेरजेतून ती ओळच गायब झाली. पुन्हा मागे घेतली, आली. पुढे ओढली, गेली. शेजारच्या खोलीत कुणीतरी मोठ्याने पाठ करत होतं आणि मी ती एकच ओळ मागेपुढे करत बसले होते.

प्रोग्रॅमला वाटत होतं, ही बाई रात्री बसली आणि त्याच तारखेच्या पहाटे उठली. म्हणजे बसायच्या आधीच उठली. असं कसं होईल, म्हणून तो ती ओळ चुकीची धरून गुपचूप सोडून देत होता. ओरडला असता तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. पण तो तक्रार न करता पुढे जायचा. म्हणजे ज्या रात्री मी बारा उलटून बसले त्या सगळ्या गेल्या, आणि ज्या रात्री हरून लवकर आडवी झाले तेवढ्याच मोजल्या गेल्या. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. मी जितकी जास्त जागले तितकी जास्त आळशी ठरले.

दुरुस्ती अगदी साधी होती. बारानंतरचा तुकडा नव्या ओळीवर, नव्या तारखेने लिहायचा. मी दिवाळीपासूनच्या सगळ्या ओळी तशा तोडल्या. गाडी मधेच थांबवून तिचं नाव बदलल्यासारखं वाटत होतं. मग बेरजेचा तो शब्द टाइप केला आणि बेरीज आली. फिजिक्स सगळ्यांत वर. बायोलॉजीच्या वर, केमिस्ट्रीच्या वर. मी खाली जाऊन मेसमध्ये चहा मागितला आणि काकूंनी विचारायच्या आधीच आपण होऊन तास सांगितले. त्या म्हणाल्या, मग यंदा नक्की. त्या चहाची चव मला अजून आठवते. मी आळशी नव्हते. मी घरच्यांना फसवलं नव्हतं.

चहा संपवून वर आले. टेबलावर लॅपटॉपशेजारी टेस्टचे कागद पडलेले होते. एकीकडे नवी बेरीज, एकीकडे मार्क. मी दोन्हीकडे आळीपाळीने बघितलं.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इतके महिने माझं अंगण वाकडं होतं आणि त्याच्या आधारावर सगळं घर उभं होतं. तास कमी, म्हणून मार्क कमी. तास वाढले की मार्क वाढतील. आता अंगण मी स्वतःच्या हाताने सरळ केलं होतं. तास कमी नव्हतेच. जेवढं बसणं माणसाला शक्य आहे तेवढं मी बसले होते आणि एवढेच मार्क आले होते. वाढवायला काही उरलं नव्हतं. आळशी पोरीला आशा असते, ती उद्यापासून सुधारू शकते. मला उद्यापासून काय करायचं होतं?

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. मागे स्थानकावरच्या गाड्यांचा आवाज होता. "किती झाले?" त्यांनी विचारलं. माझ्या समोर खरी बेरीज उघडी होती. मी जुनी वाचून दाखवली. शून्य सांगायची लाज वाटली म्हणून जरा वाढवून, पण थोडीच. त्यांनी नेहमीचं आखूड बरं म्हटलं आणि पुढच्या आठवड्यात बघ म्हणाले. मी हो म्हटलं.

त्यानंतर परीक्षेपर्यंत मी तारखा पुन्हा आमच्या घरच्या पद्धतीने टाकल्या. प्रोग्रॅम त्या गिळत राहिला. मी बसत राहिले, पाय बादलीत सोडून, आता कशासाठी ते न कळता. निकाल सगळ्यांना वाटत होतं तसाच लागला. अण्णा मला न्यायला आले, बस अहमदपूरच्या पुढे गेल्यावर म्हणाले, बैठक जमली न्हाई आपल्याला, जाऊ दे. "तुला" नाही, त्यांनी "आपल्याला" म्हटलं.

पुढे मी कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि नोकरीला लागले. अण्णा रिटायर झाले. आमच्या वस्तीत त्यांच्या पिढीत शिकला तो सुटला, त्यामुळे शिकण्याबद्दल त्यांना विचारायला अजून लोक येतात. विहारातून येताना, लग्नात, कुठेही. आणि त्यांचं उदाहरण ठरलेलं असतं, ते मी. "डोकं लई होतं हिला. बैठक न्हवती." मी समोर असले तरी म्हणतात. सुरुवातीला मला ते ऐकताना आत कुठेतरी समाधान वाटायचं. निदान त्यांच्याकडे एक हुशार मुलगी होती. पुढे पुढे कंटाळा आला, आणि कंटाळ्यातून राग.

गेल्या उन्हाळ्यात वस्तीतले एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. तिला लातूरला टाकायचं होतं. मुलगी खाली मान घालून बसली होती आणि बोटाने ओढणीचं टोक गुंडाळत होती. अण्णांनी तिला पाणी विचारलं, कुठला विषय कच्चा आहे ते विचारलं. फिजिक्स, ती म्हणाली. मग अण्णांनी माझ्याकडे हात करून ते वाक्य म्हटलं. मुलीने वर बघितलं. एका आळशी बाईकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. आपण अशा नाही, आपण बसू, असं काहीतरी.

ते दोघं गेल्यावर मी कप उचलायला आले. वाकलेलीच होते.

"अण्णा, बैठक होती माझी," मी म्हटलं.

ते पेपर घडी करत होते. ती घडी त्यांनी पुरी केली.

"हाव. ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "मुक्कामी गाड्या मी त्याच दिवशी धरल्या होत्या. तू टँकरला गेल्तीस तवा."

मला कळायला वेळ लागला. ओसरीत बसून, पेरांवर मोजत, त्यांनी माझी बेरीज स्वतः केली होती. निघाली ती तारीख धरून. त्यांच्या बेरजेत एकही रात्र गळाली नव्हती. आणि मी दर रविवारी फोनवर सांगत होते ती बेरीज खरी नाही, हे त्यांना दिवाळीपासूनच माहीत होतं.

"मग बोलला का न्हाईत?"

"मला वाटलं तूच कमी सांगायलीस," ते म्हणाले. "मार्क तर पडायलेच होते. म्हटलं सांगू दे. तेवढाच आधार हाय पोरीला."

मी कप घेऊन आत गेले. नळ सोडून नुसतीच उभी राहिले. संक्रांतीपर्यंत मी काही लपवत नव्हते. मला खरंच वाटत होतं की मी झोपते. तो सगळा हिवाळा मी स्वतःचा तिरस्कार करत बादलीत पाय घालून काढला, आणि भोकरच्या स्थानकावर एका माणसाला खरी बेरीज तोंडपाठ होती. त्याने एकदा म्हटलं असतं तरी पुरे होतं. तो माझा आब राखायला गप्प बसला होता.

बाहेरून त्यांनी विचारलं, एवढा येळ का लागायलाय. मी म्हटलं, आले. ते प्रोग्रॅमचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, आम्हा दोघांनाही तेव्हा सगळं ठाऊक होतं.